निकुंभ मास्तरांची कात्री

शाल खांद्यावर पडली तेव्हा यांनी मान इतकी लववली की गळ्यातला हार घसरून नाकावर आला. सभागृह हसलं. मी मात्र तिसऱ्या रांगेत बसून यांच्या पँटकडे बघत होते. इस्त्रीची घडी कमरेपासून बुटापर्यंत सरळ उतरली होती. बसून उठले तरी गुडघ्याला फुगा नव्हता. चांगली बसलीय, असं मनात म्हणाले आणि जरा खूश झाले, कारण ती पँट मी कापली होती.

तशा त्या दिवशी व्यासपीठावर बसलेल्या सगळ्यांच्याच पँटी मी कापल्या होत्या. कोपऱ्यातले धोतरवाले आजोबा सोडून.

आमचं पारोळ्याला दुकान होतं, 'निकुंभ टेलर्स'. फक्त पँट, शर्ट, सफारी. पुढे यांचं मशीन आणि गिऱ्हाइकांसाठी बाकडं, मध्ये फुलाफुलांचा पडदा, आणि पडद्यामागे मी. गाव यांना 'मास्तर' म्हणायचं. आमच्या धंद्यात मास्तर म्हणजे कापड कापणारा. शिवणारे पुष्कळ असतात, कापणारा एकच असतो. आणि आमचे मास्तर शिवायचे उत्तम, पण त्यांच्या हातात कात्री दिली की कापडाचं काही खरं नव्हतं. स्वभावच असा की बोलल्याशिवाय हात चालायचा नाही, आणि बोलण्यात रंग भरला की कात्री गोष्टीच्या मागे मागे जायची.

मी धुळ्याच्या टेलरची मुलगी. मला भाऊ नव्हता, म्हणून वडिलांनी कटिंगच्या टेबलापाशी मला उभं केलं. ते फक्त पँटी करायचे, म्हणून मीही फक्त पँटीच शिकले. ब्लाऊज मला आजही शिवता येत नाही. पारोळ्यात येईल ती बाई विचारायची, "शकूताई, ब्लाऊज घेता का शिवायला?" मी नाही म्हणाले की त्यांना वाटायचं, मास्तरांच्या बायकोला भारीच गर्व.

लग्न होऊन आले तेव्हा यांनी तलाठ्याची पँट कापून ठेवली होती. तिचा एक पाय तलाठ्याचा होता आणि दुसरा कुणाचा होता देव जाणे. मी ती उसवली, जुळवली, आणि तेव्हापासून कात्री पडद्यामागे आली. कुणी ठरवलं नाही. हे बाहेर टेप लावून मापं मोठ्यानं ओरडायचे, मी आत ऐकायचे. त्यातही यांची भीड आड यायची. समोर मोठा माणूस असला की हे त्याची कंबर दोन-तीन इंच कमीच सांगायचे. मग मी पडद्याच्या फटीतून बघून पोट परत वाढवून घ्यायचे.

हे कुणालाही कळू नये ही आमच्या दोघांची काळजी. यांची जास्त, पण माझीही होती. पुरुषाच्या पँटी बाई कापते म्हटल्यावर गिऱ्हाईक टिकलं नसतं. तेवढं मलाही समजत होतं.

तर सत्कार. व्यापारी मंडळाचे अध्यक्ष जगन्नाथ आबा माइकपाशी आले. आबा सफारीत होते. मीच कापलेली, पोटावरून जपून उतरवलेली. म्हणाले, "जळगाव-धुळ्याचे लोक विचारतात, आबा, पँट कुठं शिवली? आपण अभिमानानं सांगतो, आमच्या निकुंभ मास्तरांचा हात! आणि यशस्वी पुरुषामागे उभ्या असलेल्या वहिनी, त्यांच्या हातचा चहा तर आपण सर्वांनीच घेतलेला आहे." टाळ्या झाल्या. चहासाठी टाळ्या मिळण्याची ती माझी पहिलीच वेळ.

मग हे उभे राहिले. माइक हातात आला की यांना आवरणं कठीण. कात्री म्हणजे सरस्वती, खडू म्हणजे काय, टेप म्हणजे काय, सगळं झालं. मी वाट बघत होते. नाव घ्यावं असं नाही, कात्रीचा विषय काढावा असंही नाही. काहीतरी बोलतील, एवढंच वाटत होतं. आणि बोलले.

"आमच्या मंडळींचाही हातभार आहे बरं का. काज-बटणं फार छान करतात."

पुन्हा टाळ्या. शेजारच्या बाईनं माझ्या मांडीवर थाप मारली, "किती कौतुक करतात हो!"

मी मान डोलावली.

घरी येताना हे शाल काढायला तयार नव्हते. एप्रिलचं ऊन होतं, घाम निथळत होता, तरी शाल खांद्यावरच. "कसा बोललो?" विचारलं.

"छान बोललात."

"तुझाही उल्लेख केला."

"ऐकला ना मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं. हेडमास्तर भामरे सरांचं पँटचं कापड यांनी नेहमीसारखं पडद्यातून आत सरकवलं. मी चटईवर बसून एका शर्टाला बटण लावत होते. कापड तसंच जमिनीवर पडून राहिलं. थोड्या वेळानं पडद्यातून यांचं डोकं आत आलं.

"शकू, सरांची पँट."

"बघितली."

"मग?"

"मी काज-बटणं करते ना. फार छान करते."

यांचा चेहरा आधी समजल्यासारखा झाला, मग न समजल्यासारखा. "अगं, ते बोलण्याच्या ओघात निघून गेलं!"

"मग कापडही ओघातच कापा."

"लग्नसराई तोंडावर आहे, शकू!"

"असू दे की. बटणं पुष्कळ लागतील."

मला स्वतःलाही वाटलं होतं की दुपारपर्यंत मी विरघळेन. पण मी भांडले असते तर विरघळले असते. मी भांडलेच नाही. गाव म्हणतं तेवढंच काम करायचं ठरवलं. काज करायचं, बटण लावायचं, पायांची हातशिलाई करायची, आणि आलेल्यांना चहा. सगळं वेळच्या वेळी. यांना तक्रारीला जागाच ठेवली नाही.

म्हणून मग मास्तरांना मास्तर व्हावं लागलं.

पहिले बळी भामरे सर. शिस्तीचा माणूस, गणित शिकवायचे. यांनी त्यांची पँट कापली तेव्हा बाहेर बाकड्यावर कुणीतरी निवडणुकीचा विषय काढला होता. पँट शिवून झाली, दिसायलाही बरी दिसली. पण सर ती घालून चालायला लागले की उजव्या पायाची शिवण हळूहळू फिरत पुढे यायची. शाळेच्या फाटकातून निघाले तेव्हा ती बाजूला होती, वर्गात पोचले तेव्हा नडगीवर. मुलांचं गणितात लक्ष राहिलं नाही म्हणे.

सर दुकानात आले. हे म्हणाले, "सर, कापडच तिरकं आहे. मिलवाल्यांचं काही खरं नाही राहिलं."

मी आतून चहा पाठवला.

मग आबांची नवी सफारी. आबांची कंबर यांनी भिडेपोटी नेहमीप्रमाणे कमी सांगितली, आणि या खेपेला स्वतःच ऐकली, स्वतःच खरी मानली. आबा ती घालून भाचीच्या साखरपुड्याला चोपड्याला गेले आणि तिथे बसायची वेळ आल्यावर लक्षात आलं की बसता येत नाही. बसलो तर काय होईल हे त्यांना आधीच जाणवलं. सबंध साखरपुडा आबा हात जोडून उभे राहिले. मुलाकडच्यांना फार भरून आलं. एवढा मोठा माणूस, पण किती नम्र!

हे सगळं मला बाकड्यावरच्या गप्पांतून पडद्यामागे कळत होतं, आणि खोटं कशाला सांगू, मी पदर तोंडात कोंबून हसत होते. पण हसून झालं की वाईट वाटायचं. कापड वाया जात होतं. आणि हे वाळत चालले होते. जेवताना बोलायचे नाहीत. यांच्या तोंडाला एवढी सुट्टी लग्नानंतर प्रथमच मिळाली होती.

एकदा भाजी वाढताना मी म्हटलं, "मीठ कमी आहे का?"

"नाही."

"मग?"

"शकू, तुझ्या वडिलांनी पँटच्या मांडीचा गोल कसा काढायला शिकवला होता?"

मला हसू आलं. "काज करायला शिकवलं होतं," मी म्हणाले. पण म्हणताना मजा आली नाही.

अशात आबांच्या पुतण्याच्या लग्नाचा सूट आला. कापड मुंबईहून आणलेलं, गडद निळं, हातात घेतलं तर पाण्यासारखं घसरणारं. यांनी ते टेबलावर पसरलं. टेबल आतच होतं, माझ्या चटईशेजारी. खडूनं रेघ मारली, पुसली, परत मारली. कात्री उघडली आणि तशीच धरून उभे राहिले. बाहेर गप्पा मारायला कुणी नव्हतं. दुकानात फक्त माझ्या सुईचा आवाज.

मग यांनी कात्री कापडावर ठेवली, अगदी अलगद, झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालावं तशी.

"हे मी नाही कापणार," म्हणाले. "पोराचं लग्न आहे. त्याला जन्मभर फोटोत वाकडं दिसावं लागेल."

मी सुई खाली ठेवली. खरं सांगते, मी उठणारच होते. एवढं बोलल्यावर कोण बसून राहील? पण तेवढ्यात बाहेरून हाक आली.

"मास्तर, आहात का?"

जगन्नाथ आबा आणि भामरे सर. आबा धोतरात होते, म्हणजे सफारीला त्यांनी निवृत्त केलं होतं. हे लगबगीनं पुढे गेले आणि कुणी काही म्हणायच्या आत सुरू झाले, "आबा, त्या सफारीचं कापड आटलं हो, धुतलं होतं का कुणी?"

"मास्तर, तुम्ही जरा बसा," आबा म्हणाले. आणि मग पडद्याकडे तोंड करून, आवाज मऊ करून, "वहिनी, आम्ही तुमच्याकडे आलोय."

मी पदर सावरून पडद्याच्या कडेला आले. "चहा टाकते."

"चहा नको. तुमचं काय बिनसलंय ते सांगा आणि परत कापायला लागा. पोराचं लग्न तोंडावर आलंय."

मी यांच्याकडे बघितलं. यांनी माझ्याकडे बघितलं. दोघांनाही वाटलं, समोरच्यानं फोडलं.

"काय कापायला?" मी विचारलं.

आबा वैतागले. "अहो वहिनी, याच बाकड्यावर मास्तर आमच्याबरोबर चहा पीत असायचे आणि आत कात्री चालू असायची. करकर, करकर. काय भूत कापत होतं का?"



"किती जणांना माहीत आहे?" मी विचारलं.

भामरे सरांनी गणिताच्या माणसासारखा विचार केला. "पारोळ्यात जे पँट घालतात, त्या सगळ्यांना."

"धोतरवाल्यांनाही," आबा म्हणाले.

मला वाटलं होतं, कधी हे बाहेर आलंच तर मला हलकं वाटेल. तसं झालं नाही. मी इतकी वर्षं समजत होते की गावाला माहीत नाही म्हणून गाव गप्प आहे. न कळणाऱ्या माणसांवर राग धरता येत नाही, म्हणून मी तो कधी धरलाच नव्हता. आणि या सगळ्यांना माहीत होतं. माहीत असून टाळ्या चहाला वाजवल्या होत्या.

"मग सत्कार ह्यांचा का केलात?"

आबांनी टोपी काढून परत घातली. "वहिनी, आता कसं सांगायचं. चारचौघांत कसं म्हणणार, आमच्या पँटी एक बाई कापते? बाहेरगावचे लोक हसतील."

"मी कापलेली पँट घालून फिरता तेव्हा नाही हसत?"

"ती छान बसते ना," आबा अगदी प्रामाणिकपणे म्हणाले.

इतका वेळ हे बाकड्याच्या टोकावर बसून होते. कानावर पेन्सिल, गळ्यात टेप. हळूच म्हणाले, "म्हणजे तुम्हा सगळ्यांना माहीत होतं?"

आबांनी नजर रस्त्याकडे वळवली.

"मग मी रोज ही पेन्सिल कानावर लावून बसत होतो, ती कुणासाठी?"

"शोभते तुम्हाला," भामरे सर म्हणाले. त्यांना खरंच समजूत घालायची होती.

यांनी पेन्सिल कानावरून काढली. इकडून तिकडून बघितली, जणू आजच कुणी हातात दिली. त्या क्षणी मला यांची इतकी दया आली की सगळा राग यांच्यावरून उतरला आणि समोरच्या दोघांवर जाऊन बसला. हे निदान खोटं बोलायला घाबरत तरी होते.

"आबा," मी म्हणाले, "सूट मी कापते. पण आत नाही कापणार. टेबल पुढे येईल. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल असं."

"हे लग्न होऊन जाऊ द्या, मग बघू आपण."

"मग कात्रीही लग्न झाल्यावरच बघेल."

आबांनी सरांकडे बघितलं. सरांनी स्वतःच्या पँटकडे बघितलं. शिवण नडगीपर्यंत आलीच होती.

"टेबल कुठून धरायचं?" सरांनी विचारलं.

टेबल दारातून निघेना. आडवं केलं, उभं केलं, शेवटी पडदाच काढावा लागला, तरी एक पाय चौकटीत अडकला. आबा मागून ढकलत होते, सर गणितानं सूचना देत होते, आणि हे मध्ये अडकून ओरडत होते, "माझा हात! माझा हात आहे तिथं!" रस्त्यावरची माणसं थांबली. कुणीतरी विचारलं, "मास्तर, घर बदलताय का?"

"नाही," हे आतून घुसमटत ओरडले. "बायकोला बाहेर काढतोय!"

त्या वाक्याचा गावात पुढे कितीतरी दिवस भलताच अर्थ फिरत होता.

सूट मी पुढे उभी राहून कापला. समोरच्या पानाच्या टपरीपाशी जत्रेसारखी गर्दी. कात्री कापडाला लागली तेव्हा सगळी गर्दी पुढे सरकली. इतकी वर्षं मी माणसांकडे फटीतून बघितलं होतं. आता ती माझ्याकडे बघत होती. मग पहिली रेघ सरळ गेली, आणि पुढचं नेहमीसारखं झालं.

नवरदेव सूट घालून आला तेव्हा सुंदर दिसला. मांडवात वधूपक्षाच्या पाहुण्यांनी विचारलं, कुणाचा हात? मी ऐकत होते. आबा घोटाळले, घसा साफ केला, आणि म्हणाले, "आमच्याकडे आहे एक... दुकान." माणसाला एवढंच जमलं. पण 'मास्तर' म्हणाले नाहीत, हे मी लक्षात घेतलं.

सगळं गोड झालं असं नाही. काही गिऱ्हाइकं गेली ती गेलीच. पडद्यामागची बाई त्यांना चालत होती, टेबलामागची चालेना. एका वकिलांनी निरोप पाठवला की त्यांचं कापड आत कापलं तर ते देतील. बाकडं ओस पडलं. आम्ही दोघं दुकानात बसून रस्ता बघायचो. हे मशीन पुसायचे, मग परत पुसायचे. मला वाटायचं, आता म्हणतील, कशाला हा हट्ट केलास. एकदाही म्हणाले नाहीत. हा माणूस गप्प राहू शकतो, हे मला त्या दिवसांत कळलं.

मग एका दुपारी एक बागायतदार आले, एरंडोलकडचे. यांच्या ओळखीचे नव्हते. बाकड्यावर कापड ठेवलं, माझ्याकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं, आणि यांना विचारलं, "कापणार कोण?"

"या," यांनी माझ्याकडे हात केला. "आमच्या मास्तर."

तो शब्द मी यांच्या तोंडून माझ्यासाठी पहिल्यांदाच ऐकला. खाली बघून मी खडूला उगाच टोक करत राहिले.

बागायतदारांनी हनुवटी खाजवली. "बाई कापणार, मग शिलाई कमी लावायला हवी. पुरुषाच्या हातचा आणि बाईच्या हातचा भाव एकच कसा?"

मी उत्तर शोधत होते. राग आला की मला शब्द सापडत नाहीत, मी आपली हातानं काम करणारी. आणि खरं सांगायचं तर मनात हिशोब सुरूही झाला होता, की थोडं कमी केलं तर काय बिघडतं, निदान एक गिऱ्हाईक तर येईल. तोंडही उघडलं होतं.

"करतो की कमी," हे म्हणाले.

मी चमकून यांच्याकडे बघितलं.

"अर्ध्यावर आणतो," हे अगदी गोड आवाजात म्हणाले. मशीनवरून उठले, कापड उचललं, हातात तोललं. "फक्त कापतो मी. पुरुषाचा हात आहे, अर्धा भाव. भामरे सरांची एक पँट आहे माझ्या हातची, ते घालून दाखवतील. जगन्नाथ आबांचीही आहे, पण ते बसून दाखवणार नाहीत. बोला, कुणाच्या हातची हवी?"

बागायतदार यांच्याकडे बघत राहिले. हे चेष्टा करतायत की खरं बोलतायत ते त्यांना कळेना. पण यांच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. यांनी आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या कटिंगचा खरा भाव सांगितला होता.

मग बागायतदारांनी यांच्या हातातून कापड काढून घेतलं. मला वाटलं, चालले. पण ते टेबलापाशी आले, कापड माझ्यासमोर ठेवलं, आणि माझ्याकडे न बघता, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "ढिली नको, पण फार घट्टही नको."

मी कापड उलगडलं.

"खाली पायाची मोहरी केवढी ठेवू?" मी विचारलं.

पुरुष गिऱ्हाइकाला मापाबद्दल मी स्वतः विचारलेला तो पहिला प्रश्न. ते वळले, आणि त्यांनी मला उत्तर दिलं.